एकाच गव्हाणीवर

आजचे वाचन : यशया ११:१–९
मननासाठी : वचने ३, ६ व ७



काल आपण इशायाच्या बुंध्याला फुटलेल्या धुमाऱ्यावर मनन केलं. आज त्याच अध्यायात थोडं पुढे जाऊ. यशया संदेष्टा इथे एक चित्र उभं करतो. लांडगा आणि कोकरू शेजारी राहतात. चित्ता करडाजवळ बसतो. गाय आणि अस्वल एकत्र चरतात. आणि सिंह बैलासारखा कडबा खातो. हे सगळं कुठे, तर देवाच्या पवित्र डोंगरावर, जिथे कोणी कोणाला इजा करत नाही.

मुंबई-पुण्याच्या माणसाला हे वचन गोड वाटतं. नाताळच्या कार्डावर छापायला छान. पण आपण चंद्रपूर-गडचिरोलीचे. आपल्या बायाबापड्या उन्हाळ्यात पहाटे मोहफुलं वेचायला, तेंदूपानं तोडायला जंगलात जातात आणि एखाद्या घरी ती बाई परत येत नाही. अस्वलाने फाडलेला चेहरा आपण डोळ्यांनी पाहिला आहे. म्हणून हे वचन आपल्याकडे वाचलं की माणसं मान डोलवत नाहीत, प्रश्न विचारतात.

मागच्या महिन्यात मूल तालुक्यातल्या एका गावात घरगुती प्रार्थनासभा होती. मी हाच अध्याय वाचला. वाचून झाल्यावर मागे बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "बाबू, वाघ तनस खाईन का जी?"

सगळे हसले. आजी हसल्या नाहीत. मी म्हटलं, "आजी, देवाला अशक्य काय आहे?"

त्या म्हणाल्या, "वाघाचं सोड. बैल तिथं उभा राहीन का? बैलाले वाघाचा वास आला का दावं तोडून पळते न जी."

त्या दिवसापासून हे वाक्य माझ्या मनात आहे. या वचनावर मी पुष्कळ उपदेश ऐकले आणि सगळ्यांत सिंहाचं बोलणं झालं. बैलाबद्दल कोणी बोललं नव्हतं. आजींच्या या प्रश्नाकडे आपण शेवटी परत येऊ. आधी एका जुन्या पुस्तकाच्या पहिल्या पानाची गोष्ट सांगतो, कारण तिथेही हेच जनावर आणि हीच गव्हाण आहे.

पण ते पान समजायचं असेल तर त्याच्या आधीची काही चित्रं पाहावी लागतील.

सन १५२२. जर्मनीत विटेनबर्ग गावी मार्टिन ल्यूथरने नव्या कराराचं जर्मन भाषांतर छापलं. तेव्हा बहुतेक लोकांना वाचता येत नव्हतं. म्हणून प्रकटीकरणाच्या पुस्तकाला चित्रं घातली. लुकास क्रानाख नावाचा चित्रकार होता, त्याच्या कारखान्यात लाकडी ठसे कोरले गेले, एकूण २१. त्यातल्या सतराव्या अध्यायाच्या चित्रात बाबेलची स्त्री पशूवर बसली आहे. तिच्या डोक्यावर काय दाखवलं? पोपचा तिहेरी मुकुट. ज्याला अक्षर कळत नव्हतं त्यालाही अर्थ कळला.

पुस्तक हातोहात खपलं. डिसेंबरातच दुसरी आवृत्ती काढावी लागली. पण तोवर सॅक्सनीचा ड्यूक जॉर्ज खवळला होता. मग त्या ठशांवरचे मुकुट वरून तासून काढले आणि साधा मुकुट तेवढा ठेवला. प्रकरण मिटलं का? नाही. १५३४ साली ल्यूथरचं संपूर्ण बायबल निघालं तेव्हा तिहेरी मुकुट पुन्हा आला.

दुसरी बाजू गप्प बसली असेल असं समजू नका. १५२९ साली कोक्लेयस नावाच्या कॅथलिक विद्वानाने ल्यूथरविरुद्ध पुस्तक छापलं. त्याच्या मुखपृष्ठावर ल्यूथरला सात डोकी दाखवली. प्रकटीकरणाच्या तेराव्या अध्यायातला सात डोक्यांचा पशू आठवतो ना? तोच. त्याला उत्तर म्हणून ल्यूथरच्या लोकांनी दुसरं चित्र काढलं, त्यात सात डोक्यांचा पशू म्हणजे पोप आणि त्याची मंडळी. म्हणजे शास्त्र एक, अध्याय एक, पशूही एक. फक्त त्याच्या मानेवर डोकं कोणाचं बसवायचं एवढाच वाद.

आणि यातली सर्वांत नवलाची गोष्ट ऐका. १५२७ साली ड्यूक जॉर्जच्या पदरी असलेल्या एम्सर नावाच्या याजकाने ल्यूथरच्या भाषांतराला तोड म्हणून कॅथलिक नवा करार छापला. त्यात प्रकटीकरणाची चित्रं कुठली वापरली? क्रानाखच्याच कारखान्यातले, मुकुट तासलेले ठसे! लाकूड तेच, शाई तशीच. कालपर्यंत एकाच्या हातातलं हत्यार, आज दुसऱ्याच्या हातात.

बंधुभगिनींनो, इथे जरा थांबा. माझी मंडळी सुधारणेच्या वारशातली आहे. ल्यूथरने शास्त्र सामान्य माणसाच्या भाषेत आणलं म्हणून देवाचे उपकार मानावे तेवढे थोडे. तेव्हाच्या मंडळीत पैशाने पापक्षमेची पत्रं विकली जात होती, त्यावर बोलणं भागच होतं. चुकीला चूक म्हणू नये असं मी म्हणत नाही. पण चुकीला चूक म्हणणं वेगळं आणि माणसाच्या मानेवर पशूचं डोकं बसवणं वेगळं. एकदा समोरचा पशू ठरला की त्याच्याशी बोलायचं राहत नाही. पशूची शिकारच करायची असते. आणि पुढची शंभर-सव्वाशे वर्षं युरोपात तेच झालं.

आता त्या पानाकडे येऊ.

अँटवर्प हे तेव्हाचं मोठं व्यापारी शहर, आजच्या बेल्जियममध्ये. तिथे क्रिस्तोफ प्लांटिन नावाचा छपाईवाला होता. १५६२ साली त्याच्या छापखान्यात पाखंडी ठरवलेलं एक पुस्तक सापडलं आणि त्याचं सगळं सामान लिलावात गेलं. त्याने पुन्हा उभारी धरली. १५६६ च्या ऑगस्टमध्ये सुधारणावादी जमाव त्या शहराच्या कॅथेड्रलमध्ये घुसला आणि मूर्ती, चित्रं, वेद्या फोडून टाकल्या. पुढच्या वर्षी स्पेनच्या राजाचं सैन्य आलं आणि शेकडो लोकांना मृत्युदंड झाला. एका बाजूने हातोडा, दुसऱ्या बाजूने फास.

अशा शहरात, अशा दिवसांत, प्लांटिनने एक प्रचंड काम हाती घेतलं. संपूर्ण पवित्र शास्त्र पाच भाषांत शेजारी शेजारी छापायचं : इब्री, ग्रीक, अरामी, सिरियाक आणि लॅटिन. १५६८ ते १५७२ या काळात ते काम चाललं. आठ मोठे खंड झाले. त्याच्या पहिल्याच पानावर, तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं चित्र आहे. त्यात पोप नाही, ल्यूथर नाही, सात डोकी नाहीत. त्यात चार जनावरं आहेत. सिंह, बैल, लांडगा आणि कोकरू. चौघे एकत्र खात आहेत. यशयाचा अकरावा अध्याय!

मी या पानाचा फोटो मोबाईलवर कितीदा मोठा करून पाहिला आहे. बाहेर माणसं शास्त्राच्या नावाने एकमेकांना मारत होती आणि छापखान्यात शास्त्राच्या दारावर हे चित्र कोरलं जात होतं. तांब्यावर कोरणं सोपं काम नसतं. टोकदार हत्याराने एकेक रेघ खणावी लागते, तीही उलटी, तेव्हा कागदावर सुलटी उमटते. एक रेघ चुकली तर पुसता येत नाही, पत्रा ठोकून घासून पुन्हा सपाट करावा लागतो. म्हणजे शांतीचं चित्र काढायलाही तेवढेच श्रम आणि तेवढंच धारदार हत्यार लागतं, जेवढं निंदेच्या चित्राला.

त्या चित्राने शहर वाचलं का? नाही. हे बायबल स्पेनच्या राजाच्या नावाने निघालं होतं. त्याच राजाच्या, पगार थकलेल्या सैन्याने नोव्हेंबर १५७६ मध्ये अँटवर्प लुटलं. हजारो माणसं मेली. प्लांटिनला खंडणी भरून आपला छापखाना वाचवावा लागला.

पुढची गोष्ट आपल्या देशाशी जोडलेली आहे. या बायबलचे खंड समुद्र ओलांडून गोव्याला आले. अकबर बादशहाच्या बोलावण्यावरून तीन जेझुइट पाद्री, रुडॉल्फ आक्वाविवा, मोन्सेरात आणि हेन्रिकेस, नोव्हेंबर १५७९ मध्ये गोव्याहून निघाले आणि मार्च १५८० मध्ये फत्तेपूर सिक्रीला त्यांनी ते खंड बादशहाला दिले. अकबराने ग्रंथाचं चुंबन घेतलं आणि तो डोक्यावर ठेवला. त्याच्या दरबारातल्या चित्रकारांनी त्यातली चित्रं न्याहाळली, त्यांच्यावरून स्वतःची चित्रं काढली.

त्याच सुमारास, ऑक्टोबर १५७९ मध्ये, थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट गोव्यात उतरला. त्याच्या देशात तेव्हा कॅथलिकांचा छळ चालू होता, त्याचा जिवलग मित्र तुरुंगात होता. हाच माणूस पुढे मराठी शिकला आणि त्याने ख्रिस्ताची कथा ओव्यांमध्ये लिहिली. ते ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूरला छापलं गेलं. छळातून आलेल्या माणसाने आपल्या भाषेला केवढी देणगी दिली!

पण गोष्ट इथे गोड करून संपवता येत नाही. खरं बोलणं हेही देवाचं भय आहे. त्याच काळात गोव्याच्या सासष्टीत देवळं पाडली गेली होती. लोकांच्या मनात आग होती. १५८३ साली कुंकळ्ळीला आक्वाविवा आणि त्याच्या सोबत्यांना गावकऱ्यांनी मारलं. हा तोच आक्वाविवा, ज्याने ते चार जनावरांचं पान दिल्लीकडच्या बादशहापर्यंत नेलं होतं. त्यानंतर कुंकळ्ळीच्या गावकर प्रमुखांना बोलणीसाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि तिथे पोर्तुगिजांनी त्यांना ठार केलं. यशयाचं चित्र डोक्यावर घेऊन मिरवता येतं, तरी गावात गव्हाण मांडली जात नाही.

आता घरी येऊ.

आपल्या चंद्रपूरच्या वेशी तुम्ही रोज ओलांडता. जटपुरा गेटकडे कधी मान वर करून पाहिलंत? गोंड राजांचं चिन्ह कोरलेलं आहे, हत्तीला नमवणारा सिंह. राज्याच्या दारावर ते शोभतं. राज्य म्हणजे कोणीतरी वर, कोणीतरी खाली. पण मंडळीच्या दारावर कोणतं चित्र हवं? हत्तीच्या पाठीवरचा सिंह की बैलाशेजारचा सिंह?

आपल्या या दोन जिल्ह्यांत प्रभूचे लोक थोडे, पण किती वाटांनी आलेले! स्कॉटलंडच्या एपिस्कोपल मिशनऱ्यांनी जुन्या चांद्यात काम केलं. १९६२ पासून केरळच्या सिरो-मलबार कॅथलिक मंडळीचं मिशनक्षेत्र इथे आहे आणि १९७७ साली चांदा हा त्यांचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. आता गावोगावी घरगुती मंडळ्या आहेत, तंबोऱ्यावर, ढोलकीवर स्तुती गाणाऱ्या. आणि एक गोष्ट नव्या पिढीला माहीत नसते. २९ नोव्हेंबर १९७० रोजी आपल्या नागपुरात सहा वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र आल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. युरोपात फुटलेल्या काही वाटा आपल्या विदर्भाच्या मातीत पुन्हा जुळल्या. प्रभूची स्तुती असो!

तरी पशूची चित्रं थांबलेली नाहीत. आता ठसे कोरावे लागत नाहीत, बोट लावलं की पुढे जातं. कॅथलिकांना बाबेलची स्त्री म्हणणारं चित्र आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर येतं. तिकडे घरगुती मंडळ्यांना लांडगे म्हणणारं चित्र फिरतं. पाचशे वर्षं झाली, डोकी बदलली, ठसा तोच.

आणि हे चित्रापुरतं राहत नाही. गडचिरोली जिल्ह्यातल्या एका गावात आपल्या ख्रिस्ती लोकांची एकच दफनभूमी आहे. दोन मंडळ्या तिथे आपली माणसं पुरत आल्या. मागच्या पावसाळ्यात एका अंत्यविधीच्या वेळी कोणाची प्रार्थना आधी यावरून बोलाचाली झाली. मृत माणूस चिखलात खाटेवर आणि लोक भांडतायत. त्यानंतर ठरलं की मधोमध तारेचं कुंपण घालायचं. इकडे आमचे, तिकडे तुमचे. खांब आणून टाकले आहेत. येत्या रविवारी उपासनेनंतर दोन्हीकडच्या वडीलमंडळींची बैठक आहे आणि मला देवाचं वचन सांगायला बोलावलं आहे. मी तिथे काय बोलणार तेच तुम्हांला आज सांगतो.

पहिली गोष्ट. तिसरं वचन बघा. इशायाच्या बुंध्याला फुटलेला धुमारा डोळ्यांना दिसतं त्यावरून न्याय करणार नाही आणि कानांवर येतं त्यावरून निकाल देणार नाही. जनावरांची शांती सहाव्या वचनात येते, त्याच्या आधी हे येतं. म्हणजे शांतीची सुरुवात न्याय करणाऱ्या डोळ्यांपासून होते. कोणीतरी काढलेलं चित्र पाहून आपण भावाचा निकाल लावत असू तर आपण त्या धुमाऱ्याच्या रीतीने चाललेलो नाही.

दुसरी गोष्ट. यशया असं म्हणत नाही की सिंहाचा बैल होईल. सिंह सिंहच राहतो. आयाळ तीच, आवाज तोच. बदलतं ते त्याचं खाणं. देव कॅथलिकाला म्हणत नाही की तू आमच्यासारखा हो, मग जेवायला बस. आपल्यालाही म्हणत नाही की तुमचा विश्वास सोडा. तो विचारतो, तुझं खाणं काय आहे? काही माणसं दुसऱ्या मंडळीच्या निंदेवरच जगतात. त्यांच्या उपदेशातून ती निंदा काढली तर पान कोरं राहतं. ते मांस आहे, बंधूंनो, कडबा नाही. ते खाऊन जबड्याची सवय मोडत नाही.

तिसरी गोष्ट, आजींची. बैलालाही तिथे उभं राहावं लागतं. ज्याच्या अंगावर जुने ओरखडे आहेत, ज्याला त्या दिवशी चिखलात अपमान सोसावा लागला, त्याला "चल, शेजारी उभा राहा" म्हणणं सोपं नाही. त्याचं भय खोटं नाही. म्हणून सिंहाने आधी कडबा खाऊन दाखवावा. ज्या बाजूची माणसं जास्त, ज्यांचा आवाज मोठा, त्यांनी आधी खांब उचलावेत. बैलाला दोष देऊ नये की तू का थरथरतोस. त्याला वेळ द्यावा. पण बैलानेही दावं तोडून पळून जाऊ नये, कारण ती गव्हाण सिंहाची नाही, मालकाची आहे.

आणि ही गव्हाण कोणाची ते आपल्याला माहीत आहे. लूकच्या दुसऱ्या अध्यायात मरियेने बाळाला कुठे निजवलं? गव्हाणीत. जिथे जनावरांचं खाणं ठेवतात तिथे देवाने आपला पुत्र ठेवला. पुढे तोच म्हणाला की मी जीवनाची भाकर आहे. सिंहाचं खाणं बदलतं ते यामुळेच. त्याला मुसक्या बांधलेल्या नसतात. त्याला गव्हाणीत मांसापेक्षा चांगलं काहीतरी मिळालेलं असतं. प्रकटीकरणाच्या पाचव्या अध्यायात योहानाला सांगितलं जातं की यहूदाचा सिंह बघ. तो वळून पाहतो तर उभा असतो वधलेला कोकरा. ल्यूथरच्या काळच्या लोकांनी प्रकटीकरणातला पशू पुन्हा पुन्हा कोरला. त्याच पुस्तकाच्या मध्यभागी असलेल्या कोकऱ्याकडे पाहत राहिले असते तर?

आज दिवसभरात स्वतःला एवढंच विचारा. माझ्या मोबाईलमध्ये कोणाच्या मानेवर पशूचं डोकं बसवलेलं चित्र आहे का? असेल तर ते पुढे पाठवू नका, पुसून टाका. आणि ज्या मंडळीच्या माणसाशी तुम्ही बोलत नाही त्याच्या घरी या आठवड्यात कोणी आजारी असेल तर जाऊन या. वाद घालायला नको, प्रार्थना करायला. त्यांनी करू दिली नाही तर नुसते बसा.

रविवारी दुपारी दोन वाजता ती बैठक आहे. गावाचं नाव देत नाही, देवाला ठाऊक आहे. त्या वेळी पाच मिनिटं काढून प्रार्थना कराल का? खांब अजून रोवलेले नाहीत.

प्रार्थना : हे प्रेमळ स्वर्गीय पित्या, तुझ्या पवित्र डोंगरावर इजा नाही, नाश नाही, म्हणून तुझे आभार. आमच्या जंगलात, आमच्या गावांत, आमच्या मंडळ्यांत पुष्कळ इजा आहे. आमचं खाणं बदल. आमच्यातल्या बलवानांना नम्र कर, भ्यालेल्यांना धीर दे. ज्या जमिनीत तुझे लोक पुनरुत्थानाची वाट पाहत एकत्र झोपले आहेत, तिच्या मधोमध कुंपण पडू देऊ नकोस. आम्हांला त्या गव्हाणीजवळ आण, जिथे तू तुझा पुत्र ठेवलास. त्याच्याच नावात मागतो, आमेन.

उद्याचे वाचन : यशया १२:१–६